बीगलचं पिल्लू पहिल्या फील्ड ट्रायलला उतरवताना

बीगल ही सशाचा माग काढणारी कुत्र्यांची जात आणि फील्ड ट्रायल म्हणजे त्यांची रानातली स्पर्धा. तिच्यात कुत्र्याला ससा बहुतेक वेळ दिसतच नाही. ससा जिथून गेला तिथल्या गवताला, पाचोळ्याला, ओल्या मातीला चिकटलेला वास हुंगत बीगल पुढे सरकतो आणि वास नाकात आहे तोवर ओरडत राहतो. मागून चालणारे जज हे कान देऊन ऐकतात, कुत्रा कसा वळतो ते बघतात आणि गुण ठरवतात. ससा मारायचा नसतो. तो बिळात शिरला किंवा काट्याकुट्यात दिसेनासा झाला की विषय संपला, दुसरा ससा शोधायचा.

अमेरिकेत हा खेळ जुना आहे. नॅशनल बीगल क्लबने मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिसला १८९० साली पहिली ट्रायल भरवली. आज तिथल्या बहुतेक ट्रायल अमेरिकन केनेल क्लबच्या, म्हणजे एकेसीच्या नियमांनी चालतात. हा लेख त्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी आहे. भारतात राहून वाचत असाल तर वाचाच, पण रानात सशामागे कुत्रा सोडून बघू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराचा पाठलाग करणंही शिकारच धरलं जातं.

आधी ट्रायल कुठली ते ठरवा

बीगलच्या ट्रायलचे मुख्य प्रकार तीन. ब्रेसमध्ये दोन किंवा तीन कुत्रे एका वेळी सोडतात आणि मुख्यतः माग किती अचूक काढला हेच बघतात. ही चाल संथ असते, नवख्या प्रेक्षकाला कंटाळवाणीही वाटते. स्मॉल पॅकमध्ये सात-सात कुत्र्यांचे गट पाडतात, चाल जास्त असते आणि बंदुकीच्या आवाजाला कुत्रा बिचकतो का तेही तपासतात. लार्ज पॅकमध्ये त्या वर्गातले सगळे कुत्रे एकदम सुटतात. तिथे ससाही वेगळा, मोठे वळसे घेत लांब पळणारा. बीगलशिवाय बॅसेट हाऊंड आणि डॅशहुंड यांच्याही ट्रायल होतात, पण त्यातलं मला फारसं कळत नाही.

उंचीवरून दोन वर्ग पडतात: खांद्याशी १३ इंचांपर्यंतचे, आणि १३च्या वर पण १५ इंचांपर्यंतचे. १५च्या वर गेलेला बीगल बाद. पिल्लू निवडताना आई-बापाची उंची विचारून घ्या. सहा महिन्यांचं गुणी पिल्लू दहाव्या महिन्यात पट्टीच्या वर गेलं की मालकाचं तोंड बघण्यासारखं होतं.

माझा सल्ला असा, की पिल्लू घ्यायच्याही आधी दोन ट्रायल नुसत्या बघायला जा. तिथे म्हातारे हँडलर, म्हणजे कुत्रे उतरवणारे लोक, भेटतात. त्यांना कुत्र्यांबद्दल बोलायला आवडतं, फक्त धाव चालू असताना बोलायला आवडत नाही.

जज काय शोधतात

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची सगळी तयारी यातूनच निघते.

बीगलचा आवाज ही एक बातमी असते. ‘माग माझ्याकडे आहे, इकडे या,’ असं तो बाकीच्यांना सांगतो. ही बातमी खरी असली पाहिजे. माग हातात नसताना नुसत्या उत्साहाने ओरडणारा कुत्रा बाकीच्यांना भलतीकडे खेचतो, तो दोष मोठा. वास नसलेल्या जागी नाक खाली घालून माग असल्यासारखं चालणं, म्हणजे चक्क नाटक करणं, हा त्याहून मोठा. काही बीगल ते इतकं छान वठवतात की मालकालाही खरं वाटतं. उलट टोकाला माग असूनही गप्प पळणारा कुत्रा. तो पुढे निघून जातो आणि बाकीच्यांना पत्ताच लागत नाही. तोही दोषीच.

मग चालीचे दोष. सशाच्या मागावर उलट्या दिशेने, म्हणजे ससा जिथून आला तिकडे जाणं. एकाच जागी हुंगत रेंगाळणं. मागावरून न जाता बाजूने कोपरे मारत पुढे पोचणं. दुसऱ्या कुत्र्याला मागे टाकण्यासाठी मागापेक्षा शर्यतीकडे लक्ष देणं. दुसरा ओरडला की ओरडायचं, तो वळला की वळायचं, स्वतःचं काहीच नाही, हाही एक प्रकार. आणि अर्थातच, कंटाळून काम सोडून देणं.

यातले निम्म्याहून अधिक दोष उघडे पडतात ते चेकच्या वेळी. माग तुटला की त्याला चेक म्हणतात. ससा सरळ पळत नाही. तो वळतो, आल्या वाटेने थोडा परततो, बाजूला एक लांब उडी मारतो आणि कधी नुसताच झुडपाखाली दगडासारखा बसून राहतो. कुत्रा वेगात असतो, वळणाच्या पुढे चार पावलं निघून जातो आणि नाकातला वास जातो. आता तो काय करतो? चांगला बीगल गप्प होतो, जिथे माग शेवटचा होता तिथेच परततो, आधी जवळची जागा धुंडाळतो, मग हळूहळू घेर वाढवतो. कच्चा बीगल एकदम पन्नास पावलं लांब झेप घेतो. नशिबाने माग सापडला तर छान दिसतं, जजला मात्र ते नशीब होतं हे समजतं.

पहिले चार महिने

या काळात सशाचं नावही काढू नका. पिल्लाला नाव कळावं, हाक मारल्यावर यावं, पट्टा ओढू नये, पिंजऱ्यात आणि गाडीत शांत बसावं एवढं पुरे. अनोळखी माणसं, अनोळखी कुत्री, भांड्यांचा खणखणाट, सगळ्याची सवय आत्ता लागते. लशींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत इतर कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जागा टाळा.

लशी झाल्या की उंच गवतातून, ओहोळातून, पडलेल्या ओंडक्यांवरून फिरायला न्या. पट्टा सोडून, कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी. काट्यात शिरायला बिचकणारं पिल्लू पुढे ससा जाळीत शिरला की बाहेरच उभं राहतं. तुम्ही स्वतः जाळीत शिरा, ते मागून येतं. पँट जुनी घाला.

हाक मारल्यावर येण्याबद्दल एक गोष्ट. बीगल मागावर असताना हाकेला येणार नाही, ती अपेक्षाच चुकीची. पण माग नसताना तरी यायलाच हवा, नाहीतर संध्याकाळी अंधारात शेवटचा कुत्रा पकडणारे तुम्हीच असाल.

पहिला ससा

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, पिल्लाची तब्येत आणि हुशारी बघून. काही पिल्लं पाचव्या महिन्यात पेटतात, काही दहाव्यापर्यंत फुलपाखरं बघत बसतात. उशिरा पेटणारं पिल्लू वाईट निघतं असं अजिबात नाही.

सर्वांत सोयीची जागा म्हणजे कुंपण घातलेलं सरावाचं रान. बीगल क्लबांकडे अशी असतात, आत जंगली ससे असतात आणि त्यांना लपायला भरपूर झुडपं व फांद्यांचे ढीग ठेवलेले असतात. उघड्या रानात जाणार असाल तर जमीनमालकाची परवानगी घ्या आणि त्या राज्याच्या वन्यजीव विभागाचे नियम बघा. कुत्र्यांच्या सरावाला कुठल्या महिन्यांत मुभा आहे, परवाना लागतो का, हे राज्याराज्यात वेगळं आहे.

पहाटे जा. गवतावर दव असतं, हवा थंड आणि स्थिर असते, वास जमिनीलगत राहतो. कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी मुरलेल्या कुत्र्यालाही घाम फुटतो, पोराला तर काहीच सापडत नाही आणि ते खट्टू होतं.

सुरुवातीला पिल्लाला ससा डोळ्यांनी दिसू द्या. दिसला की ते झेपावतं, दहा-वीस पावलांत ससा गवतात नाहीसा होतो आणि पिल्लू वेड्यासारखं इकडेतिकडे बघतं. मग एखाद्या दिवशी मान खाली जाते. शेपटी आधी हळू, मग चाबकासारखी हलायला लागते. नाकपुड्यांचा सूं-सूं आवाज चार पावलांवरून ऐकू येतो. आणि एकदम घशातून काहीतरी फाटकं, अर्धवट, त्याचं त्यालाच नवीन वाटणारं ओरडणं निघतं. ते दचकून थांबतं, पुन्हा नाक लावतं आणि पुन्हा ओरडतं. त्या क्षणी टाळ्या वाजवू नका, नाव घेऊन शाबासकी देऊ नका. तुमचा आवाज आला की मान वर येते. गप्प उभे राहा. बक्षीस त्याला नाकातूनच मिळालेलं असतं.

सुरुवातीचे दिवस अर्ध्या तासावर जाऊ नका. पिल्लू थकण्याआधी, मागावर असतानाच उचलून आणता आलं तर उत्तम. घरी जाताना ते गाडीत कुंईकुंई करत राहिलं पाहिजे.

एकट्याने पळू द्या

माझी पहिली बीगल ठमी. तिचं नाक सुरेख होतं, हे मी नाही, तिला पाहिलेले जाणकार म्हणायचे. तिला बिघडवलं मी.

सातव्या महिन्यात ती एकटीने छान माग काढायला लागली होती. चेक आला की मात्र मला राहवायचं नाही. ससा डावीकडे वळलेला मला दिसलेला असायचा, ती उजवीकडे शोधत असायची. मग मी पुढे व्हायचो, हात दाखवायचो, ‘इथं बघ, ठमे, इथं,’ म्हणायचो. ती यायची, माग सापडायचा, दोघंही खूश. दीड महिना हे चाललं. पहिल्या ट्रायलला तिची धाव सुंदर सुरू झाली. सुमारे शंभर पावलांवर पहिला चेक आला. ठमी थांबली, नाक वर केलं आणि मागे वळून लोकांच्या घोळक्यात मला शोधायला लागली. मी नियमाप्रमाणे लांब उभा. तिच्या जोडीदाराने पाच-सहा पावलांच्या आत वळण काढलं आणि तो निघाला, ही अजून माझ्याकडेच बघतेय. जजने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायची गरज नव्हती.

म्हणून चेकच्या वेळी हात खिशात. माग खरोखर गेला, पिल्लू दहा-पंधरा मिनिटं धडपडून थांबलं, तर त्याला शांतपणे उचला आणि दुसरा ससा उठवा. त्या एका सशाचं उत्तर त्याला मिळालं नाही तरी चालतं. उत्तर माझ्याकडे असतं हे त्याला कळलं तर चालत नाही.

ठमीला सुधारायला पूर्ण एक मोसम गेला. मी झुडपाआड लपून बसायचो.

सोबती

पिल्लाला मुरलेल्या कुत्र्याबरोबर सोडावं की नाही यावर लोक भांडतात. माझं मत: पेटायला मदत म्हणून दोन-चार वेळा सोडा, तेही संथ, प्रामाणिक, उतारवयाच्या कुत्रीबरोबर. वेगवान कुत्र्याबरोबर अजिबात नको. पिल्लू त्याला गाठण्याच्या नादात नाक सोडून पाय चालवायला लागतं, त्याचा आवाज ऐकून ओरडायला लागतं, आणि वर सांगितलेले निम्मे दोष एका महिन्यात अंगवळणी पडतात.

एकट्याने चेक सोडवायला लागलं की जोडीत, मग तिघांत, मग ट्रायलच्या आधी महिनाभर अनोळखी कुत्र्यांत. दर आठवड्याला निदान एक धाव एकट्याची ठेवा. भांडखोर कुत्रा ट्रायलला आणू नका. गुण तर जातातच, ओळखीही तुटतात.

हरीण

बीगलला हरणाचा वास सशापेक्षा सोपा आणि गोड लागतो. हरणामागे लागलेला कुत्रा मैलभर दूर जातो, रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडू शकतो. म्हणून जीपीएस कॉलर घ्याच, काटकसर दुसरीकडे करा. हरणामागे गेल्याची शंका आली की लगेच अडवा, पट्टा लावा, त्या दिवसाची मजा तिथेच संपवा. ससा वळसा घालून आपल्याच इलाख्यात परत येतो. कुत्र्याचा आवाज सरळ रेषेत लांब-लांब जात असेल तर पुढे बहुधा ससा नाही.

शॉक कॉलरबद्दल: ससा आणि हरीण यांतला फरक पिल्लाला पक्का कळण्याआधी ती वापरली, आणि धक्का बसला तेव्हा त्याच्या नाकात नेमका ससा असला, तर ते सशालाच घाबरतं. असा कुत्रा परत मागावर आणणं मला तरी जमलेलं नाही. अनुभवी माणूस शेजारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बंदुकीचा आवाज

स्मॉल पॅकला जायचं असेल तर हे लागतंच. पिल्लू मागावर रंगलेलं असताना, तुमचा मदतनीस दीडशे-दोनशे पावलांवरून खेळण्यातल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा एक बार काढेल. पिल्लाने कान टवकारून पुन्हा काम सुरू केलं तर पुढच्या आठवड्यात थोडं जवळून, मग मोठ्या आवाजाकडे. शेपूट खाली गेली तर दोन पावलं मागे या आणि महिनाभर विषय काढू नका. ‘सवय होईल’ म्हणून पिल्लाला गोळीबाराच्या रेंजवर नेणारे लोक असतात. असे बिघडलेले कुत्रे आयुष्यभर फटाक्यांनाही पलंगाखाली शिरतात.

अंग आणि पाय

वाढत्या वयात रोज धाव नको. आठवड्यात तीन दिवस रान, मधले दिवस चालणं. हाडं पूर्ण भरल्याशिवाय लांब, दमवणारी धाव नको, याबाबत पिल्लाच्या डॉक्टरांचं ऐका. भरल्या पोटी पळवू नका. मुख्य जेवण संध्याकाळी, धावेनंतर श्वास खाली बसल्यावर. बीगल खादाड जात, दोन महिने दुर्लक्ष केलं की कंबर नाहीशी होते.

प्रत्येक धावेनंतर बोटांच्या बेचक्या, कानांची आतली बाजू आणि डोळ्यांचे कोपरे तपासा. गवताची कुसळं कानात शिरतात. लांब कानांत ओल राहून संसर्ग होतो, म्हणून कान कोरडे करा. गोचिड्या हाताने चाचपून काढा आणि त्यावरचं औषध वर्षभर चालू ठेवा. मेलेला ससा तोंडात धरू देऊ नका, तुम्हीही उघड्या हाताने उचलू नका. जंगली सशांत टुलेरेमिया हा रोग असतो आणि तो माणसालाही होतो.

उन्हाचं भान ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि माणसासारखा घाम गाळून त्याला ते उतरवता येत नाही. हिरड्या गडद लाल झाल्या, चाल लटपटली, हाक मारल्यावर नजर ओळखीची राहिली नाही, तर धाव तिथेच थांबवा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसंच डॉक्टरांकडे निघा.

नाव नोंदवणं आणि तो दिवस

एकेसीच्या ट्रायलला कुत्रा नोंदणीकृत आणि किमान सहा महिन्यांचा हवा. सहा महिने ही नियमाची किमान अट झाली, घाई करायचं कारण नव्हे. दहा-बारा महिन्यांच्या आधी पिल्लू उतरवून फार काही मिळतं असं मी पाहिलेलं नाही. माजावर आलेली कुत्री धावायला आणता येत नाही, तारखांचा हिशेब आधी ठेवा.

आदल्या आठवड्यात शेवटचे दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती. सकाळी लवकर पोचा. उंची मोजली जाते, म्हणजे अनोळखी माणसाने खांद्याला हात लावला तर कुत्र्याने स्थिर उभं राहायला हवं. हा सराव घरी टेबलावर करून ठेवा. मग चिठ्ठ्या टाकून जोड्या किंवा गट ठरतात. तुमचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही, कधी पहिला, कधी दुपारी तीनला. सावली, पाणी, पिंजरा आणि स्वतःसाठी बसायला काहीतरी लागतंच.

ससा दिसला की जो बघतो तो ‘टॅली-हो’ ओरडतो आणि ससा गेलेली जागा दाखवतो. ओरडून तिथेच उभे राहा, मागावर चालू नका. तुमच्या बुटांचा वास त्यावर पडतो. हँडलर आपला कुत्रा त्या रेषेवर आणतो, सोडतो आणि मागे होतो. त्यानंतर हाका मारणं, खुणा करणं बंद. जज उचलायला सांगतील तेव्हाच कुत्रा उचलायचा. हे जमवण्यासाठी कुत्र्याने मागावर असतानाही तुमच्या हाताला घाबरून दूर पळता कामा नये. म्हणून सरावात दर वेळी उचलल्यावर पट्टा लावून थोडं चालवा आणि पुन्हा सोडा. पट्टा म्हणजे खेळ संपला असं त्याला वाटता कामा नये.

फील्ड चॅम्पियन हा किताब मिळायला तीन पहिले क्रमांक आणि १२० गुण लागतात. पहिल्या क्रमांकाला वर्गात धावलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एक गुण, खालच्यांना त्याच्या वाटणीने. हे आत्ता डोक्यात ठेवायची गरज नाही. पहिल्या ट्रायलला मी फक्त तीन गोष्टी वहीत टिपतो: पहिल्या चेकला पिल्लू कुठे शोधत होतं, माग नसताना ते ओरडलं का, आणि दुसरा कुत्रा ओरडल्यावर त्याने नाक उचललं की खालीच ठेवलं. धाव संपल्यावर जजला एक प्रश्न विचारायची संधी मिळाली तर ‘चेकवर कसा वाटला?’ एवढाच विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

घरी आल्यावर पंजे बघा, कान पुसा, जेवायला घाला. दुसऱ्या दिवशी त्याला झोपू द्या. तिसऱ्या दिवशी पहाटे, दव असताना, एकट्याची एक छोटी धाव.